बाईकवरून लांबचा कॅम्पिंग दौरा: बायको, मुलगी, मेव्हणा आणि दोन मित्र. सल्ले हवेत!

मैलाचा दगड

मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळत होतं. आता घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी सुट्टी मंजूर करून घेतल्यामुळे माघार घ्यायची सोय उरलेली नाही.

चार बाईक, सहा माणसं. मी आणि बायको एका बाईकवर, मेव्हण्याच्या मागे आमची बारा वर्षांची लेक, आणि दोन मित्र आपापल्या बाईकवर एकटे. मुक्काम हॉटेलात नाही, तंबूत. जाऊन-येऊन साधारण २,४०० किमी, सहा दिवस. म्हणजे रोजचे ४००. एकटा असतो तेव्हा एवढं अंतर मी आरामात काढतो, त्यामुळे गणित जमेल असं वाटतंय.

सामान किती घ्यावं, कसं बांधावं, मुलीला मागे बसवून इतकं लांब न्यावं का, चौघांचे चार वेग असताना एकत्र कसं राहावं, यावर ज्यांनी हे केलंय त्यांनी सविस्तर लिहा. 'कशाला उगाच, कारने जा' हा सल्ला सासऱ्यांनी दिलेला आहे, तो पुन्हा नको.

पाचवा गिअर

४०० काय, ६०० पण होतात. पहाटे पाचला निघायचं, रस्ता मोकळा असतो, दुपारपर्यंत निम्म्याच्या वर अंतर खिशात. टेन्शन घेऊ नका, निघा.

रानवेडा

होतात हो, पण मग तंबू कोण लावणार?

धागाकर्ते, हॉटेलात उतरायचं असेल तर अंधारात पोहोचलं तरी चालतं, दिवा आणि पलंग तयार असतो. तंबूत झोपायचं असेल तर दिवस मावळतीकडून उलटा मोजायचा. सूर्यास्ताच्या दोन तास आधी जागेवर. हे दोन तास चैनीसाठी नाहीत. जमिनीचा उतार, पावसाचं पाणी कुठून वाहत गेलंय त्याच्या खुणा, मुंग्यांची वारुळं, डोक्यावरची वाळकी फांदी, हे सगळं उजेडातच दिसतं. टॉर्चच्या प्रकाशात प्रत्येक जागा सपाटच वाटते आणि खरं काय ते रात्री पाठीला कळतं.

आता सकाळ. सहा माणसांनी उठायचं, आवरायचं, खायचं, ओले तंबू झटकून गुंडाळायचे, चार बाईकवर बांधायचं. पहिल्या दोन दिवशी याला दोन तास लागतात, नंतर दीडवर येतं. त्याखाली मी तरी कोणाला येताना पाहिलेलं नाही.

दिवसाउजेडाचे बारा तास धरले तर उरले आठ. सहा जणांचा कुठलाही थांबा पाच मिनिटांचा होत नाही. एकाचे ग्लोव्हज निघेपर्यंत दुसऱ्याचे चढलेले असतात. वीस-पंचवीस मिनिटं धरा, असे चार-पाच थांबे, वर दुपारचं जेवण. हातात राहिले साडेपाच तास. दुय्यम रस्त्यांवर गावं, वळणं, घाट धरून सरासरी ताशी ४५ पडली तरी खूप झालं. करा गुणाकार. २५० च्या आसपास येतं, आणि त्यातही काहीच बिघडलं नाही असं गृहीत धरलंय.

ग्रीसचे हात

+१. रानवेडांनी माझं टायपिंग वाचवलं. वजनावर रात्री लिहितो, तोवर प्रत्येकानं आपापल्या बाईकची पुस्तिका शोधून ठेवा. सापडली नाही तर कंपनीच्या साइटवर असते.

मागची सीट

आयडीवरून कळलंच असेल मी कोणाच्या बाजूनं बोलणार.

मैलाचा दगड, तुम्ही 'एकटा असतो तेव्हा ४०० आरामात काढतो' असं लिहिलंय. त्या वाक्यात तुमची बायको कुठे आहे? चालवणाऱ्याच्या हातात हँडल असतं, पुढचा खड्डा त्याला दिसतो, ब्रेक कधी लागणार हे त्याच्या बोटांना आधी कळतं. मागच्याला यातलं काहीही कळत नाही. समोर हेल्मेटची पाठ, आणि प्रत्येक धक्का अचानक. म्हणून तेवढ्याच अंतरात मागचा माणूस जास्त थकतो. त्यात सीट अरुंद, गुडघे जास्त वाकलेले, आणि सामान बांधताना पहिलं अतिक्रमण तिच्या जागेवर होतं.

एक तास, फार तर सव्वा तास झाला की उतरायचं. 'लागलं तर सांग' असं म्हणून सोडून देऊ नका. मागचं माणूस सांगत नाही, कारण आपल्यामुळे चार बाईक थांबतील याचा संकोच असतो. बायको 'ठीक आहे' म्हणाली म्हणजे ठीक असतंच असं नाही, हे संसारी माणसाला वेगळं सांगायला नको! थांबा घड्याळ लावून घ्या, मग कोणाच्या नावावर पडत नाही.

टॉप बॉक्स, म्हणजे सीटमागची पेटी, असेल तर त्याला पाठ टेकता येईल अशी गादी लावा. त्यासारखं सुख नाही. हेल्मेटमधून एकमेकांशी बोलायचा इंटरकॉम नसेल तर खुणा ठरवा. आमच्याकडे खांद्यावर दोन थापा म्हणजे जमेल तेव्हा थांब, आणि सलग थापा म्हणजे आत्ता थांब. चढता-उतरताना आधी सांगायचं, 'हो' ऐकायचं, मगच पाय टाकायचा. सामानानं भरलेली बाईक उभ्या-उभ्या पडते ती बहुतेक याच क्षणी.

आणि मागच्याला काम द्या. नकाशा, पेट्रोलचा हिशेब, फोटो, पुढचा थांबा कुठे, हे सगळं आमच्यात माझ्याकडे असतं. नुसतं बसून राहिलेल्या माणसाला अंतर दुप्पट वाटतं.

मैलाचा दगड

ताई, हा प्रतिसाद बायकोला वाचून दाखवला. ती म्हणाली, 'यांना विचार, इतकी वर्षं कुठे होत्या?'

ग्रीसचे हात

हं, वजन.

पुस्तिकेत दोन आकडे बघा. एक गाडीचं स्वतःचं वजन, पेट्रोल-ऑइल भरून. दुसरं कमाल एकूण वजन. दुसऱ्यातून पहिलं वजा केलं की राहिलं ते तुमचं: तुम्ही, मागचं माणूस, हेल्मेट-जॅकेट-बूट, रॅक, पेट्या, तंबू, पाणी, सगळं त्यात. मधल्या आकाराच्या बऱ्याच बाईकवर ही वजाबाकी १७० ते २०० किलोच्या घरात निघते. लोक फक्त बॅगा मोजतात. बॅग ज्या रॅकवर बसते तो रॅक कोणी मोजत नाही.

जड वस्तू खाली, पुढे आणि मध्याकडे. पाने, ट्यूब, पाणी, स्टोव्ह पॅनियरच्या (बाजूला लावायच्या पेट्या किंवा पिशव्या) तळाशी, इंजिनाच्या बाजूला. झोपायच्या पिशव्या, कपडे असलं हलकं सामान वर आणि मागे. मागच्या चाकाच्या आसाच्या पलीकडे जड काही टांगलं की पुढचं चाक हलकं होतं, वेगात हँडल थरथरायला लागतं. टॉप बॉक्सवर सहसा ५ किलोच्या आसपासची मर्यादा छापलेली असते, ती उगाच नसते.

डबल सीट आणि सामानासाठी टायरची हवा वेगळी दिलेली असते, ती सकाळी टायर थंड असताना भरायची. मागच्या सस्पेन्शनचा प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगचा आधीचा ताण, वाढवायचा. तो वाढवला नाही तर बाईक मागे बसते, वळण घ्यायला कुरकुरते आणि हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यात जातो. चेनचा ढिलेपणा भार ठेवून पुन्हा तपासायचा. दर ५०० किमीला वंगण, पावसात भिजली तर त्याच संध्याकाळी, चेन गरम असताना.

ब्रेकबद्दल पाचव्या गिअरसाठी खास: ६० ऐवजी ८० नं चाललात तर थांबवायची ऊर्जा जवळजवळ १.८ पट होते. त्यात भार वाढला की अजून.

बांधायला हुकवाल्या बंजी (ताणणाऱ्या रबरी दोऱ्या) नकोत. हुक सुटून डोळ्यात गेल्याच्या केसेस होतात, आणि सैल टोक चेनमध्ये शिरलं तर मागचं चाक जाम. बकलवाले रुंद पट्टे घ्या, उरलेली टोकं दुमडून बांधा. निघाल्यावर वीसेक किलोमीटरवर थांबून पुन्हा ओढून बघा. सामान बसलेलं असतं, पट्टे ढिले झालेले असतात. रोज!

मैलाचा दगड

आत्ता बाथरूमचा काटा हॉलमध्ये आणून सगळं मोजलं. माझ्या बाईकची वजाबाकी १८० किलो. मी ८२, बायको ६१, दोघांची हेल्मेट-जॅकेट-बूट मिळून १६, अॅल्युमिनियमच्या पेट्या रॅकसकट १७. झाले १७६. म्हणजे तंबू, पाणी, कपडे, भांडी यांच्यासाठी राहिले ४ किलो!

ग्रीसचे हात

बघा. आता त्या पेट्या काढा आणि कापडी पॅनियर लावा, पाच-सहा किलोत काम होतं. अकरा-बारा किलो तिथेच सुटले. आणि सामान माणशी वाटू नका, बाईकशी वाटा. एकटे येणारे दोघे मित्र आहेत ना? त्यांच्या मागच्या सीट रिकाम्या आहेत. दोन्ही तंबू, भांडी, हत्यारं त्यांच्याकडे. मैत्रीचा उपयोग करून घ्यायची हीच वेळ.

स्टेथोस्कोप

मुलीबद्दल. बारा वर्षांची आहे म्हणजे उंची बहुतेक पुरेशी असेल, तरी खात्री करा: मागच्या फूटपेगवर तळवा पूर्ण टेकला पाहिजे, नुसती बोटं नाहीत. तुम्ही जाताय तिथला लहान मुलांना मागे बसवण्याचा नियम आधी बघून घ्या, ठिकठिकाणी वेगळा असतो. हेल्मेट तिच्या मापाचं आणि शक्य तितकं हलकं घ्या. मोठ्या माणसाचं हेल्मेट आत स्पंज भरून देऊ नका. सैल हेल्मेट पडताना निघून जातं, आणि जड हेल्मेटनं मान दुपारपर्यंतच गळते.

लोक सगळ्यात कमी विचार करतात तो झोपेचा. मुलं मागे बसल्या-बसल्या झोपतात. दुपारी जेवणानंतर, उन्हात, एकसुरी रस्त्यावर तर हमखास. पकड सुटली की कडेला कलंडतात. दोघांमध्ये पट्टा लावला तरी झोपलेल्या मुलाला घेऊन चालवणं योग्य नाही. जेवणानंतर तासभर सावलीत सरळ आडवं व्हायचं, सगळ्यांनीच. आणि इंटरकॉमचा एक संच विकत घेणं परवडणार असेल तर तो मुलगी आणि मेव्हण्यांसाठी घ्या. गप्पा बंद झाल्या की मेव्हण्यांना लगेच कळेल.

कानात फोमचे बोळे. ताशी १०० किमीला हेल्मेटच्या आत वाऱ्याचा आवाज ९५ डेसिबलच्या पुढे सहज जातो. कामाच्या ठिकाणी ८५ डेसिबलला आठ तासांची मर्यादा मानतात, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. ९४ ला एक तास, ९७ ला अर्धा. दिवसाअखेरचा बराच थकवा या आवाजाचा असतो. बोळे घातले तरी हॉर्न ऐकू येतो, उलट स्पष्ट येतो.

थंडी: हवा १० अंश असेल आणि तुम्ही १०० नं चाललात तर उघड्या त्वचेला ती ४ अंशांसारखी लागते. थरथर थांबली, बोलणं अडखळलं, साधं बकल लावता येईना, तर पुढे जायचं नाही.

शेवटचा स्वार

एकत्र राहण्याचा प्रश्न राहिला. माझी कायमची जागा सगळ्यात मागे, त्यामुळे पुढच्यांचे सगळे उद्योग मला दिसतात.

सगळ्यात पुढे वाट दाखवणारा तो लीड, सगळ्यात मागे राहणारा तो स्वीप, दोघे दिवसभर बदलायचे नाहीत. लीडच्या लगेच मागे सगळ्यात कमी सराव असलेला किंवा मूल घेतलेला. तुमच्या बाबतीत मेव्हणे. लीडनं आरशात त्यांना बघत चालायचं, म्हणजे वेग आपोआप त्यांचा होतो. मेव्हणे शेवटी असले तर उलटं होतं. पुढच्यानं थोडा वेग वाढवला की शेवटच्याला तो गाठायला बराच वाढवावा लागतो, आणि तो बिचारा दिवसभर पाठलाग करत राहतो.

मोकळ्या सरळ रस्त्यावर आलटून-पालटून: एक लेनच्या डावीकडे, पुढचा उजवीकडे. तिरक्या समोरच्यापासून एक सेकंद, अगदी सरळ समोरच्यापासून दोन सेकंदांचं अंतर. वळणावर, अरुंद किंवा खराब रस्त्यावर एकामागे एक, अंतर वाढवून. ओव्हरटेक प्रत्येकानं स्वतःच्या डोळ्यांनी करायचा. पुढचा गेला म्हणजे रस्ता मोकळा आहे असं नाही.

चुकामूक होऊ नये म्हणून सोपी पद्धत: फाटा आला की लीडच्या मागचा तिथे थांबतो आणि स्वीप दिसेपर्यंत हलत नाही. बाकीचे त्याला बघून वळतात. यात नेटवर्क लागत नाही, जीपीएस लागत नाही, फक्त थांबणाऱ्याला धीर लागतो. मेव्हण्यांऐवजी हे काम मित्राला द्यायचं असेल तर फाट्याच्या आधी त्याला पुढे घ्या.

पेट्रोल सगळ्यात लहान टाकीच्या हिशेबानं. एकाची टाकी ४५० किमी जाते आणि दुसऱ्याची २८०, तर सगळा ताफा २८० चा. त्यातही दोनशे-सव्वादोनशेला भरायचं, आणि एकानं भरलं की सगळ्यांनी भरायचं.

पाचवा गिअर

सगळं मान्य, पण चाळीस-पन्नासच्या वेगात दिवसभर कोणाच्या तरी मागे चालायचं म्हणजे मला झोप येते, खरं सांगतो. मग आमच्यासारख्यांनी काय करावं?

शेवटचा स्वार

रास्त प्रश्न. तुमच्यासारखा एक प्रत्येक ताफ्यात असतो. त्याला दाबून ठेवला की तिसऱ्या दिवशी भांडण होतं. त्याला पुढे पाठवा! दुपारच्या जेवणानंतर तो सुटा. त्यानं मुक्कामाच्या गावाला जाऊन जागा बघायची, जमीन कोणाची आहे त्याची परवानगी घ्यायची, पाणी कुठे आहे ते बघायचं आणि एक तंबू उभा करून ठेवायचा. अट एकच, कुठल्या फाट्यावर आणि किती वाजता भेटायचं ते जेवतानाच ठरवायचं आणि त्यात बदल करायचा नाही.

पाचवा गिअर

हे जमेल. उलट आवडेल.

कुतूहल

अवांतर: कुटुंबासह बाईकवर लांब जाणं ही काही आजची टूम नाही. १९१५ मध्ये एफी हॉचकिस नावाची तरुणी हार्ले-डेव्हिडसनला साइडकार जोडून, त्यात आपल्या आईला, एव्हिसला बसवून न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधून निघाली ती थेट सॅन फ्रान्सिस्कोला, आणि तशीच परत आली. जाऊन-येऊन सुमारे ९,००० मैल, म्हणजे साडेचौदा हजार किलोमीटर, आणि रस्ते बहुतेक कच्चे. वाटेत ट्यूब संपल्या तेव्हा तिनं ब्लँकेट कापून टायरमध्ये भरलं आणि पुढे गेली. पुढच्याच वर्षी, १९१६ मध्ये, ऑगस्टा आणि अॅडलीन व्हॅन ब्युरेन या बहिणींनी दोन इंडियन बाईकवर अमेरिका पार केली. पुरुषी कपडे घातले म्हणून वाटेत त्यांना पोलिसांनी पकडलंही.

त्या आईनं प्रवासभर काय म्हटलं असेल ते मागची सीट यांनी लिहावं.

मागची सीट

साइडकार म्हणजे स्वतंत्र खुर्ची. पाय लांब करता येतात, पाठ टेकता येते. ती बाई मजेत असणार.

एक शंका

वाचनखूण साठवली. एक प्रश्न: पाऊस सुरू झाला तर तंबूच्या आत, दार थोडं उघडं ठेवून स्टोव्ह पेटवला तर चालतो का? एका व्हिडिओत बघितलं होतं.

स्टेथोस्कोप

नाही. दार थोडं नाही, अर्धं उघडं ठेवूनही नाही. जळणातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. आधी डोकं दुखतं, मळमळतं, सुस्ती येते. माणसाला वाटतं प्रवासाचा थकवा आहे, आणि तो झोपतो. धग असलेला कोळसा 'ऊब राहील' म्हणून आत ठेवणं तर त्याहून वाईट. पावसात कोरडं, न शिजवता खाता येईल असं एका वेळचं खाणं कायम बरोबर ठेवा, म्हणजे हा प्रश्नच येत नाही. शिवाय आगीचा धोका वेगळा. तंबूचं कापड पेटलं की काही सेकंदांचा खेळ असतो.

रानवेडा

डॉक्टरांशी शंभर टक्के सहमत. आता झोपेवर लिहितो, कारण रात्र नीट गेली नाही तर दुसऱ्या दिवशी चालवायचं कसं?

स्लीपिंग बॅगवर तीन तापमानं छापलेली असतात. कम्फर्ट, लिमिट आणि एक्स्ट्रीम. दुकानात मोठ्या अक्षरात बरेचदा लिमिट किंवा एक्स्ट्रीम दाखवतात. एक्स्ट्रीम म्हणजे त्या तापमानात तुम्ही जेमतेम तगाल, झोपणार नाही. कम्फर्टचा आकडा बघा. मुलीसाठी आणि ज्याला थंडी लवकर वाजते त्याच्यासाठी अपेक्षित थंडीपेक्षा पाच अंश खालची घ्या.

पण महाग बॅग घेऊन खाली पातळ चटई घालणारे बरेच दिसतात. अंगाखाली दबलेल्या भागात हवाच राहत नाही, मग तिथे बॅग कसली ऊब देणार? खालची थंडी अडवते ती मॅट. तिचा आर-व्हॅल्यू, म्हणजे थंडी अडवण्याच्या क्षमतेचा आकडा, बघा: उन्हाळी रात्रींना २ च्या आसपास पुरतो, तापमान शून्याकडे जाणार असेल तर ४ च्या वर. दोन मॅट एकावर एक टाकल्या तर आर-व्हॅल्यूंची बेरीज होते. म्हणून मी फुगवायच्या मॅटखाली साधी फोमची घडी टाकतो, पंक्चर झाली तरी रात्र निघते. दिवसा तीच फोम थांब्यावर बसायला.

जागा दरीच्या तळाशी नको. थंड हवा जड, ती रात्री खाली साचते. ओढ्यालगत सुंदर दिसणारी हिरवळ पहाटे सगळ्यात गार आणि सगळ्यात ओली असते. तळापासून थोडं वर सपाटी मिळाली तर तिथे. कोरड्या ओढ्याच्या पात्रात तर कधीच नाही, पाऊस वर कुठेतरी दूर पडतो आणि लोंढा तुमच्याकडे येतो. उंचीचा अंदाज: दर १,००० मीटरला साधारण साडेसहा अंश कमी धरा. निघताना घाम, मुक्कामाला थंडी, हे एकाच दिवशी होतं.

गॅसच्या डब्याचंही असंच. नुसता ब्युटेन असेल तर तो उणे अर्ध्या अंशाच्या खाली वायूच होत नाही, पहाटे स्टोव्ह फुसफुसून बंद. आयसोब्युटेन-प्रोपेनचं मिश्रण घ्या. बाईकवाल्यांना पेट्रोलवर चालणारा मल्टिफ्युएल स्टोव्ह सोयीचा असतो, जळण टाकीतच असतं. काजळी धरतो, अधूनमधून जेट साफ करावा लागतो. मुलं आसपास असताना पेट्रोल हाताळणं मला स्वतःला आवडत नाही, कुटुंब बरोबर असलं की मी गॅसच घेतो.

तंबू विकत घ्यायचा असेल तर वजनाच्या आधी दांड्यांची दुमडलेली लांबी विचारा. पंचेचाळीस सेंटिमीटरच्या आतली असेल तर पॅनियरमध्ये जाते, नाहीतर आडवी बांधून दोन्ही बाजूंना बाहेर काढत फिरा.

बाईक तंबूपासून लांब लावायची. गरम सायलेन्सरला कापड चिकटतं हे एक, आणि रात्री माती ओली होऊन साइड स्टँड रुतला तर ती कोणाच्या अंगावर पडेल हे दुसरं. स्टँडखाली चपटा दगड किंवा फळीचा तुकडा, पहिला गिअर टाकलेला.

मैलाचा दगड

सगळ्यांचे आभार. काल रात्री सहाही जण बसलो होतो. योजना पार बदलली.

२,४०० चं टोक सोडून दिलं. आता एकूण १,४०० च्या आसपास, आणि सहाऐवजी सात दिवस (एका मित्रानं साहेबाला कसं पटवलं ते विचारू नका). कुठल्याही दिवशी २५० च्या वर नाही. चौथा दिवस बाईक न हलवता एकाच जागी, ओढ्याकाठी. हा दिवस मुलीनं मागून घेतला. परतीचा रस्ता वेगळा. निघायच्या आधीच्या आठवड्यात घरापासून तासाभरावर एक रात्र रंगीत तालीम: सगळं सामान बांधून जायचं, अंधार पडायच्या आत तंबू, सकाळी आवरायला किती वेळ लागतो ते मोजायचं.

पेट्या निघाल्या, कापडी पॅनियर एका मित्राकडून उसने मिळाले. एकटे मित्र तंबू घेणार, त्यातला एक पाचव्या गिअरसारखाच आहे, जागा शोधायचं खातं त्याला दिलं. लीड मी, स्वीप दुसरा मित्र.

एक मुद्दा मात्र अडलाय. मुलगी मेव्हण्याच्या मागे बसावी की माझ्या? बायको म्हणते माझ्या, आणि ती स्वतः भावाच्या मागे बसेल.

मागची सीट

ज्याला मागे माणूस घेऊन चालवायची जास्त सवय आहे त्याच्या मागे मूल. नातं नंतर. तुम्हाला सवय असेल तर तुमच्या मागे.

ग्रीसचे हात

आणि वजनाच्या दृष्टीनं पण बघा. हलकी सवारी ८२ किलोवाल्याच्या मागे आली तर तुमच्या बाईकचा जीव भांड्यात पडेल. बदल केलात तर हवा आणि प्रीलोड दोन्ही बाईकचं पुन्हा बघायचं, विसरू नका.

हत्यारांचं राहिलं होतं. चारही बाईकचे टायर बघा, ट्यूबवाले किती, ट्यूबलेस किती. ट्यूबलेसला प्लगचं किट आणि १२ व्होल्टचा छोटा पंप पुरतो. तारांच्या चाकाला बहुतेक ट्यूब असते, मग मापाच्या ट्यूब आणि टायर काढायचे लिव्हर लागतात. नुसते बरोबर ठेवून उपयोग नाही, एकदा घरी अंगणात चाक काढून बघा. केबलचा क्लच असेल तर नवी केबल जुनीच्या बाजूनं आत्ताच ओवून, टोकं झाकून ठेवा. तुटली तर फक्त टोकं बदलायची, दहा मिनिटांचं काम. आणि प्रत्येकाची दुसरी किल्ली दुसऱ्याच्या बाईकवर. स्वतःच्या बॅगेतली दुसरी किल्ली पहिलीबरोबरच हरवते.

मेव्हणा

नमस्कार, नवीन आयडी आहे. धागा भाऊजींनी पाठवला, सगळा वाचला. माझ्या मागे कोण बसणार हे माझ्याशिवाय सगळ्यांनी ठरवलेलं दिसतंय. :)

भाची भाऊजींच्या मागे बसायला तयार आहे, पण एका अटीवर, परतीचे दोन दिवस माझ्या मागे. तालमीच्या दिवशी तिला माझ्या मागे बसवून बघतो, मग ठरवू. प्रश्न इंटरकॉमचा. माझ्याकडे एक जुना आहे, भाऊजी दुसऱ्या कंपनीचा जोड घेतायत. एकमेकांना जोडता येतील का?

शेवटचा स्वार

स्वागत! ब्लूटूथवाले वेगवेगळ्या कंपन्यांचे बरेच संच 'युनिव्हर्सल' पद्धतीनं जोडता येतात, पण बहुतेकदा दोघांपुरतेच, आणि कधीकधी फोनची जोडणी त्यासाठी सोडावी लागते. मेश पद्धतीचे (अनेक संचांचं आपोआप जाळं करणारे) सहसा आपल्याच कंपनीच्या संचांशी बोलतात. विकत घ्यायच्या आधी तुमचा जुना दुकानात नेऊन प्रत्यक्ष जोडून बघा. भाची जिच्या-ज्याच्या मागे असेल, ती जोडी आधी. चारही बाईक जोडायच्या मागे लागू नका, लीड आणि स्वीप जोडले गेले तरी खूप झालं. चार्जिंग रात्रीवर ठेवू नका, दुपारच्या विश्रांतीत पॉवरबँकवर लावा.

मेव्हणा

जुना घेऊन उद्याच दुकानात जातो. तालीम शनिवारी आहे, रविवारी रात्री इथे लिहितो.